भूक करणारा माणूस

“आणि उठता कधी?”

“जाग आली की.”

“म्हणजे किती वाजता?”

रेवणय्या स्वामी जरा थांबले. आठवून बघितल्यासारखं केलं.

“ते जागेलाच विचारावं लागेल…”

मन्मथप्पाची पेन्सिल वहीवर टेकून तशीच राहिली. आता यात लिहायचं काय?

मन्मथप्पा म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. खाली कसब्याच्या गावात त्याच्या अंगणात रोज सकाळी चाळीस माणसं जमायची. जोर कसे काढायचे, पाणी किती घोट प्यायचं, झोपताना कुठल्या कुशीवर वळायचं, सगळं तो शिकवायचा. त्याची भाषाही न्यारी. बाकीचं जग जेवत होतं, त्याची माणसं भूक करायची. सहाला जोर करा, दहाला भूक करा, पुन्हा सहाला भूक करा, नऊला झोप करा, असं तो घड्याळ हातात धरून सांगायचा आणि चाळीस माना डोलायच्या. भूक अवेळी आलीच, तर वरून तांब्याभर पाणी ओतून तिला परत पाठवायची, हा पहिला नियम. एक घास बत्तीस वेळा चावायचा, हा दुसरा. गाव त्याला गुरुजी म्हणायचं. त्यालाही ते गोड लागायचं.

आणि त्या गुरुजींचीच भूक सहा महिन्यांपासून मेली होती.

दहाचा ठोका पडला की तो पाटावर बसायचा. घास घ्यायचा, बत्तीस मोजायचा, गिळायचा. तोंडात भुसा कालवल्यासारखं व्हायचं. नऊला अंथरुणावर पडायचा आणि पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत राहायचा. बरगड्या वर आल्या. लोकांना दिसू नयेत म्हणून तो एकावर एक दोन सदरे घालायला लागला.

बायकोला मात्र धुण्यात दोन-दोन सदरे दिसत होते. महादेवी तिचं नाव. एक दिवस तिनं धुणं पिळता पिळता विचारलं, गुरुजींच्या अंगात आता दोघं राहतात का म्हणून. तो हसला नाही. तीही हसली नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून बघितलं. रक्त बघितलं, पोटाचा फोटो काढला. रोग काही सापडेना. पण जाताना त्यांनी महादेवीला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच उतरत गेले तर पावसाळ्यापर्यंत काही खरं नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं मन्मथप्पानं ऐकलं.

महादेवीनंच मग स्वामींचं नाव काढलं. घाटावर, तिच्या माहेराच्या अंगाला, जंगमाचा एक लहानसा मठ होता. तिच्या आईच्या लग्नात अक्षता टाकायला रेवणय्या स्वामी होते, आणि तेव्हाही त्यांचे केस पांढरेच होते. अजूनही दिवसाला चाळीस-पन्नास पोहरे पाणी ओढून वाटेवरच्या गुरांसाठी हौद भरतात, असं लोक सांगत.

असा देह कमावला कसा? काहीतरी नेम असणार. काहीतरी चोरून ठेवलेलं असणार.

म्हणून तो आला. पण आपली भूक मेली हे काही त्यानं सांगितलं नाही. शिष्यांच्या कल्याणासाठी स्वामींची दिनचर्या लिहून घ्यायची आहे, असं म्हणाला. शरणार्थ म्हणत पायांशी वाकला, वही उघडली आणि घड्याळ मांडीवर ठेवलं.

“राहा की,” स्वामी म्हणाले. “बघ आणि लिही.”

पहिल्या दिवशी स्वामी तांबडं फुटायच्या आत विहिरीवर होते. मन्मथप्पानं लिहिलं, चार वाजता उठणे. दुपारी स्वामींनी तीन भाकरी खाल्ल्या, कांदा फोडून, शेंगाची चटणी घेऊन. लिहिलं, तीन भाकरी, ज्वारीच्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं तोंडावर आली तरी स्वामी घोंगडीत गुरगुटलेलेच. त्यानं चार वाजता खोडलं. दुपारी स्वामी ताटावर बसलेच नाहीत, एका धनगराशी मेंढरांच्या लोकरीबद्दल बोलत राहिले. का जेवला नाहीत, विचारलं, तर म्हणाले, नव्हती. एवढंच. मन्मथप्पानं तीन भाकरीही खोडल्या.

मठात स्वयंपाकाला शिवगंगाक्का होती. साठीची, तोंडाची फटकळ. मन्मथप्पा भाकरीचा तुकडा तोंडात धरून डोळे मिटून मोजताना तिनं दोन दिवस बघितला. मग चुलीपुढूनच स्वामींना विचारलं, की पाहुणे भाकरी खातायत का जप करतायत, कारण जप असेल तर तिला चटणी वाढायची नव्हती.

स्वामी खदखदा हसले. मन्मथप्पाचं मोजणं एकोणीसवर चुकलं, आणि त्यानं पुन्हा एकपासून धरलं.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. दोघं ओट्यावर बसले होते. मन्मथप्पानं विचारलं होतं, इथलं पाणीच काही औषधी आहे काय. स्वामी विहिरीची हकिगत सांगायला लागले. चार वर्षं दुष्काळात खणत होते, गाव थकलं, माणसं सोडून गेली, तिघंच उरले, सत्तर हातांवर काळा पाषाण लागला…

“मी वरून पहार टाकली. ती खडकात शिरली आणि…”

आणि स्वामी झोपले.

बोलता बोलता, खांबाला टेकलेले, हात तसाच पुढे केलेला.

मन्मथप्पा थक्क झाला. आधी वाटलं, काही बरंवाईट तर झालं नाही. जवळ सरकला. तर श्वास चालू होता. पोट वर यायचं, खाली जायचं, संथ, जसं भरल्या तळ्याचं पाणी काठाला यावं आणि मागं फिरावं. कपाळावरून एक माशी चालत गेली, नाकापर्यंत आली, उडाली. चेहरा हलला नाही. वासरू आलं आणि तळपाय चाटायला लागलं. पायही हलला नाही.

तो बघत राहिला.

चाळीस माणसांना त्यानं झोप शिकवली होती. पण झोप अशी दिसते, हे त्यानं आज बघितलं. त्या सुरकुतलेल्या तोंडावर कुठं राखण नव्हती, कुठं पहारा नव्हता. कुणीतरी आपलं घर सताड उघडं टाकून निर्धास्त बाहेर जावं तसं ते तोंड होतं. गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर माणूस आपोआप गप्प होतो, तसा तो गप्प झाला. वही मिटली. हात कधी जोडले गेले ते त्याला कळलंही नाही.

निंबाची सावली पायरीवरून हौदापर्यंत सरकली.

स्वामींनी डोळे उघडले.

“…पाणी लागलं,” ते म्हणाले.

मन्मथप्पाच्या अंगावर काटा आला. मग इतके दिवस दोन सदऱ्यांखाली झाकलेलं बाहेर पडलं.

“स्वामी, मला भूक होत नाही.”

“काय होत नाही?”

“भूक. सहा महिने झाले. सगळं वेळेवर करतो, तरी होत नाही. झोप करतो, तीही होत नाही. मी आता… मी फार दिवस राहत नाही, स्वामी.”

स्वामी त्याच्याकडे बघत राहिले. थट्टा नाही, कीव नाही. परक्या मुलखातल्या माणसाची बोली ऐकावी तसे कान देऊन.

“अक्का,” त्यांनी चुलीकडे हाक मारली, “भूक होते का गं?”

“होते कुठली,” आतून आवाज आला. “भूक लागते.”

“आणि झोप?”

“ती पण लागते. आज काय झालंय तुम्हाला?”

स्वामी मन्मथप्पाकडे वळले.

“तहान?”

“…लागते,” मन्मथप्पा म्हणाला.

“लेकराचा लळा?”

“लागतो.”

“ठेच?”

“लागते.”

“विहिरीला पाणी?”

मन्मथप्पानं हौदाकडे बघितलं.

“यातलं तू काय केलंस रे, मन्मथा?”

 आयुष्यभर जी बोली मन्मथप्पा बोलत आला, ती त्याला आज पहिल्यांदा ऐकू आली. त्याच्या आजीनं शिकवलेली, आईनं शिकवलेली. आणि चाळीस माणसांना त्यानं ती मोडून शिकवली होती. 

पुढं स्वामी काही सांगतील, काढा, पाला, मंत्र, काहीतरी, म्हणून तो संध्याकाळपर्यंत वाट बघत होता. स्वामींनी काही सांगितलं नाही. ते वासराच्या गोचिड्या काढत बसले.

तिसरा दिवस उजाडला तोच गुरांच्या हंबरण्यानं. जत्रेच्या बाजाराला निघालेले व्यापारी सत्तर-ऐंशी जनावरं घेऊन घाट चढून आले होते. हौद पाहता पाहता कोरडा पडला, आणि मागची जनावरं जिभा काढून उभी.

स्वामी विहिरीच्या काठावर गेले, दोर उचलला आणि मन्मथप्पाच्या हातात दिला.

तो म्हणणार होता, की अजून माझे जोर व्हायचेत. पण एक तांबडी गाय हौदाचा कोरडा दगड चाटत होती. त्यानं घड्याळ पिशवीत टाकलं, पिशवी निंबाला अडकवली आणि पोहरा खाली सोडला.

एक पोहरा. दहा पोहरे. वीस. ओतलेलं पाणी हौदाच्या तळाला टेकायच्या आत पिऊन होत होतं. वरचा सदरा त्यानं काढला. मग खालचाही काढला. बरगड्या उघड्या पडल्या, व्यापाऱ्यांनी बघितल्या, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. गाय तोंड वर काढायची, हनुवटीवरून पाण्याची धार गळायची, ती फुस्सकन श्वास सोडायची. तो ओढत होता आणि ते फुस्स ऐकत होता. हाताला फोड आले, फुटले. दहा वाजले. दहाचे अकरा झाले. पिशवीत घड्याळ टिकटिक करत होतं, ते निंबानं ऐकलं असेल.

शेवटचं खोंड पिऊन बाजूला झालं तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

चुलीकडून भाकरीचा वास आला.

मन्मथप्पा हौदाच्या काठावर एकदम बसला. पोट दाबून धरलं.

“अक्का,” त्यानं घाबऱ्या आवाजात हाक मारली, “मला काहीतरी होतंय.”

शिवगंगाक्का पिठाच्या हातानं दारात आली. काय होतंय, कुठं होतंय, तिनं विचारलं.

“इथं. आत कुणीतरी ओढतंय… पिळा पडलाय. गरगरतंय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. रापलेलं तोंड, उघडं अंग, दोन्ही हातांनी धरलेलं पोट. तिच्या ओठावर काहीतरी बोलणं आलं होतं, ते तिनं गिळलं. तिचे डोळे भरले.

“बसा अप्पा,” ती हळू म्हणाली. “ताट वाढते.”

तेव्हा त्याला कळलं, हे काय आहे ते.

तो ताटावर बसला. तव्यावरची भाकरी, पापुद्रा टम्म फुगलेला. त्यातून वाफ निघाली. त्यानं घास मोडला, अंबाडीच्या भाजीत बुडवला, तोंडात घातला. जिभेखालून पाणी सुटलं. आंबट, तिखट, मीठ, ज्वारीची गोडी, सगळं एकदम, जणू कुणी आत दिवे लावत गेलं. तो ज्वारीच्याच मुलखात जन्मला होता. ज्वारी इतकी गोड असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगूनही कळलं नसतं.

किती वेळा चावलं, कोण जाणे. मोजायला मागं कुणी उरलंच नव्हतं.

एक भाकरी गेली. दुसरी गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. अक्का करत होती, वाढत होती, आज तिची थट्टा बंद होती. स्वामी समोर बसून बघत होते, कुणी देवाचा नैवेद्य बघावा तसे.

तिसरी भाकरी संपली. त्याचा हात आपोआप टोपलीकडे गेला.

स्वामींनी टोपलीवर आपला तळहात ठेवला.

मन्मथप्पानं वर बघितलं. त्याला काही उमगेना. सहा महिन्यांनी जी भूक आली, तिच्याच पुढ्यातून स्वामी घास काढून घेत होते.

“स्वामी… अजून भूक आहे.”

 असं शेवटचं कधी म्हटलं होतं, त्याला आठवत नव्हतं.

“आहे?”

“आहे.”

“खरंच आहे?”

“आहे, स्वामी.”

स्वामींनी हात काढला नाही.

“मग राहू दे थोडी. पाच कोस जायचंय घरी… एकटाच कशाला जातोस.”