सुवार्ताचा हापसा

कुसुरदऱ्यात पोरं शाळेत जायची आणि पोरी पाण्याला जायच्या. असं कुणी ठरवलं होतं? मोठ्या माणसांनी. कधी? ते त्यांनाही आठवत नव्हतं.

पाण्याला जाणाऱ्या पोरी होत्या अकरा, आणि त्यांत एक होती सुवार्ता. नऊ वर्षांची, इवलीशी, शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी, पायात काही नाही. बाप नव्हता, आई वीटभट्टीवर जायची. गावातला हापसा तीन वर्षांपासून बंद होता. म्हणून सुवार्ता रोज दोन टेकड्या ओलांडून झऱ्यावर जायची आणि परत येईपर्यंत शाळा सुटलेली असायची. आता शाळेच्या विमलबाईंनी निरोप धाडला होता, ‘सोमवारी आली नाहीस तर पटावरून नाव कापणार.’ हापशाबद्दल मात्र बाईंनी कुणालाच निरोप धाडला नव्हता.

चर्चच्या मागे एक बाग होती. पाहुण्यांना दाखवायला केलेली आणि पाहुणे गेल्यावर विसरलेली. गुलाब वाळले, झेंडू वाळले. कोपऱ्यात एक चिमुकलं अबोलीचं रोपटं तेवढं जीव धरून होतं, कारण सुवार्ता रोज आपल्या कळशीतली एक ओंजळ त्याला पाजायची.

“पी गं सोनुले,” ती म्हणायची, “तुला तर झऱ्यापर्यंत चालताही येत नाही.”

शनिवारी तिने ओंजळ रिती केली आणि अबोलीचा तुरा थरथरला. केशरी पाकळ्यांतून एक परी बाहेर आली. अंगठ्याएवढी! पंख मोरपिशी, झगा डाळिंबी, केसांत दवाचे मणी. ती हसली तेव्हा चांदीची घुंगरं किणकिणली.

“सुवार्ता, मला पाजणारी तू एकटीच. एक इच्छा माग.”

“एकच?”

“एकच. पण नियम ऐक. मनातल्या मनात मागायची नाही. ज्यांच्या हातून ते काम होईल, त्यांच्या तोंडावर मागायची. आणि कुणी डोळे वटारले म्हणून मधेच गप्प बसलीस, तर इच्छेचं दव होऊन उडून जाईल.”

“मोठ्यांच्या तोंडावर?” सुवार्ता दोन पावलं मागे सरली. “त्यापेक्षा राक्षसाला मारायला सांग ना.”

“राक्षस सोपा असतो गं,” परी म्हणाली.

“बरं, मग माझ्या अंगणात एक नळ मागू?”

“माग की. तुझी कळशी भरेल.”

सुवार्ताला सगुणा आठवली. सगुणाचा पाय टेकडीवर मुरगळला होता, तरी ती पाण्याला यायचीच. छोटी तबिथा आठवली. हंड्याने तिच्या टाळूवरचे केस गेले होते.

“आणि बाकी दहाजणींची?”

परी नुसते पंख लुकलुकवत राहिली.

रविवारी पाहुणे आले. दर हिवाळ्यात सातासमुद्रापलीकडच्या चर्चमधून एक म्हातारं जोडपं सेवेला यायचं. सेवा म्हणजे काय, तर शाळेची भिंत रंगवायची. दहा वर्षांत दहा जोडपी आली. भिंत निळी झाली, पिवळी झाली, पिस्त्याच्या रंगाची झाली. भिंतीच्या आत पोरी आहेत का, हे दहांतल्या एकानेही डोकावून पाहिलं नाही.

या वर्षी आले होते ओले नावाचे आजोबा आणि इंगा नावाची आजी. केस कापसासारखे, गाल टोमॅटोसारखे लालबुंद. हातात गुलाबी रंगाच्या बादल्या.

चर्चचे सेक्रेटरी शलमोनकाका पोरींना रांगेत उभं करत होते. पाहुण्यांची भाषा गावात एकट्या काकांनाच यायची, आणि त्याचा त्यांना कोण तोरा!

“हसा गं पोरींनो! गाणं जोरात म्हणा. आणि तहानलेलं तोंड करायचं नाही, पाहुणे घाबरतात.”

गाणं संपलं. आजीने ब्रश बुडवला. तेवढ्यात सुवार्ता रांगेतून पुढे आली.

“आजी, आजोबा, भिंत रंगवू नका. आमचा हापसा दुरुस्त करा. सगळ्यांचा.”

आजीने काकांकडे पाहिलं. काकांनी हसत हसत पाहुण्यांच्या भाषेत सांगून टाकलं की पोरीला गुलाबी रंग फार आवडतो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काका सुवार्ताच्या कानाशी वाकले.

“गप बस, कार्टे! पाहुणे नाराज झाले तर पुढच्या वर्षी कोण येईल?”

सुवार्ताच्या ओठांवर काहीतरी गार गार जमू लागलं. दव! इच्छा उडून चालली होती.

तिने मूठ आवळली आणि टेकडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “मी गुलाबी म्हणाले नाही! मी हापसा म्हणाले! दहा वेळा भिंत रंगवलीत, एकदा तरी विचारलंत का, की पोरी कुठे असतात?”

आणि मग गंमत झाली. तिचा एकेक शब्द सोनेरी काजवा झाला. काजवे भिरभिरत पाहुण्यांच्या कानांत शिरले आणि तिथे त्यांच्याच भाषेत बोलू लागले. त्यांचं बोलणंही आता गावाला कळू लागलं.

आजीचा ब्रश खाली पडला.

“शलमोन, ही गुलाबी रंगाचं काही बोलतच नाहीये!”

“लहान आहे हो, बाई. तिचं काय मनावर घ्यायचं?”

“चाळीस वर्षं मी पंप दुरुस्त केलेत,” आजी कडाडली, “आणि तू माझ्या हातात ब्रश दिलास?”

“मला वाटलं, बाईमाणूस...” काका पुटपुटले.

“पण आजी,” सुवार्ता म्हणाली, “तुम्हीही विचारलं नाहीत.”

आजी कानापर्यंत लाल झाली. “खरंय, बाळ. सगळ्या प्रवासात देवाला विचारत आले, काय करू, काय करू. तुला विचारायचं राहिलं.”

तिने बाह्या सरसावल्या. हापशाचं डोकं खोललं, दोर बांधला. अकरा पोरी दोराला झोंबल्या.

“उभा काय राहिलास, शलमोन? धर दोर!”

काकांनी धरला. न धरून सांगतात कुणाला!

लांबच लांब पाइप वर आले आणि शेवटी निघाला पाणी वर ओढणारा चामड्याचा वायसर, कुरतडलेल्या आंब्याच्या सालीसारखा. नवा कुठून आणायचा? ओलेआजोबा खाली बसले आणि त्यांनी आपला जाडजूड बूट काढला.

“मी जन्मभर जोडेच शिवले,” ते म्हणाले. “हे चामडं चांगलं आहे.”

त्यांनी बुटाच्या चामड्यातून गोल वायसर कापला, तेलात भिजवला. परी हळूच येऊन त्याच्याभोवती फिरली आणि पंखांची सोनेरी कड त्याला लावून गेली. सुवार्ताशिवाय कुणालाच ती दिसली नाही.

सूर्य डोंगरावर टेकला तेव्हा हापशाचा दांडा सुवार्ताच्या हातात होता. एकदा हापसलं. घर्रर्र! दोनदा हापसलं. गुळूगुळू! तिसऱ्यांदा धो धो पाणी उसळलं, रुपेरी, थंडगार! पोरी नाचल्या, भिजल्या. एक बूट घातलेले आजोबा लंगडी घालत नाचले. तबिथाने काकांच्या डोक्यावर अख्खा हंडा ओतला आणि तिला कुणीही रागावलं नाही.

सोमवारी घंटा व्हायच्या आत अकरा घरांचं पाणी भरून झालं. विमलबाईंनी पट उघडला. वर्ग गच्च भरला होता. बाईंना नावं घ्यायला दुप्पट वेळ लागला. लागू दे.

“सगुणा?”

“हजर!”

“तबिथा?”

“हजर!”

“सुवार्ता?”

खिडकीच्या गजावर परी बसली होती. “इच्छा तूच बोललीस गं,” ती कुजबुजली, “मी फक्त कानांपर्यंत पोचवली.” तिचे पंख पांढरे झाले, मग सोन्याचे झाले. सगळी खिडकी लखलखली आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

सुवार्ता उठून उभी राहिली. सगळी शाळा दणाणेल एवढ्या जोरात तिने उत्तर दिलं.

“हजर!”