आडवी झालेली राई

समुद्राकाठच्या एका गावात एक देवराई होती. तिची राखण धाकू नावाच्या गुरवाकडे होती. राईच्या मधून ओढा वाहायचा आणि गाव त्याचंच पाणी प्यायचं. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, पडलेलं झाड मात्र देवाचा कौल घेऊन गावाने न्यायचं, असा रिवाज होता.

पूर्वी मोठं वादळ माणसाच्या जन्मात एखादं यायचं. मग समुद्र तापू लागला आणि वादळं लागोपाठ येऊ लागली. अशाच एका वादळात अर्धी राई आडवी झाली. गावातली छपरं उडाली. धाकूचंही उडालं.

गावाचा प्रमुख गावकर. तो माणसं घेऊन देवळात आला. घरांना वासे हवेत, कौल लाव, म्हणाला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

धाकूने फुलांना हात लावला नाही.

"आपल्याला कळत नसतं तेव्हा देवाला विचारायचं," तो म्हणाला. "हे मला दिसतंय. झाडं आडवी झालीत, मेली नाहीत. मुळं अजून जमिनीत आहेत."

"मग अंडी उबवत बैस त्यांच्यावर," गावकर म्हणाला. माणसं हसली.

देव बोलत नसेल तर गाव बोलेल, असं सांगून गावकराने ओढ्याच्या अलीकडची झाडं तोडून नेली. मोडकी उभी होती तीही सोडली नाहीत. मुळंसुद्धा खणून काढली आणि तिथे सुरूची झाडं लावली, कारण सुरू भराभर वाढतो. पलीकडच्या काठावर धाकू काठी घेऊन उभा राहिला. तिकडे जायला कोणी धजलं नाही, पण गावाने राखणीबद्दल त्याला मिळणारं वर्षाचं भात बंद केलं. तो माडाच्या झापांखाली राहिला, कंदमुळं उकडून खाल्ली. काठ सोडला नाही.

पावसाळा सरला. आडव्या खोडांना फुटवे आले. जांभळीला आले, उंडीला आले, सातविणीलाही आले. खाली पाला साचला, त्यात बिया रुजल्या. अलीकडच्या काठावर सुरू माणसाच्या उंचीच्या वर गेले. गावकर पाहुण्यांना ते दाखवत फिरायचा.

पुन्हा वादळ आलं. ते ओसरल्यावर गाव बाहेर पडलं, तर सगळे सुरू मुळासकट झोपले होते. अलीकडचा काठ घसरून ओढ्यात उतरला होता, ओढ्यात नुसता चिखल. पलीकडे फांद्या मोडल्या होत्या, पण काठ हलला नव्हता. मुळांच्या कपारीतून स्वच्छ पाणी झिरपत होतं.

गाव कळश्या घेऊन तिथे गेलं. गावकरही गेला. धाकूने कोणाला अडवलं नाही.

"पुन्हा मोडलीत," गावकर खाली बघत म्हणाला. "आता काय करायचं?"

"राखायची."

"आणि आणखी वादळ आलं तर?"

"येणारच. आता येतच राहणार. आपणही इथेच आहोत."

गावकराने कळशी घरी पोचवली आणि काठी घेऊन परत येऊन धाकूशेजारी राखणीला उभा राहिला.

तात्पर्य एवढंच: जे आडवं झालं ते मेलं असं समजू नये. संकट पुन्हा येणार असेल, तर मुळाशी जे जिवंत आहे ते आधी राखावं.