धन्यांची नक्कल

त्या राज्यात सगळे भित्रे होते आणि म्हणून जिवंत होते.

राज्य म्हणजे एक तळे, तळ्याभोवतीचे कुरण आणि कुरणाला लागून असलेले उंच गवत. गवतात बिबट्या राहत असे. त्याला सगळे धनी म्हणत. धनी चालायला लागले की त्यांच्या घशातून लाकडावर करवत ओढल्यासारखा आवाज येई, खर्र, खर्र, आणि तो त्यांना थांबवता येत नसे. धन्यांमध्ये एवढीच एक खोट होती आणि त्या खोटीवर सगळे कुरण जगत होते. आवाज आला की चितळे पळत, सांबरे पळत, वानरे झाडांवर चढत. हे कुणाला शिकवावे लागत नसे. पाडस पोटात असतानाच आईचे काळीज कसे धडधडते ते ऐकून ठेवी.

याच राज्यात एक भृंगराज होता. काळाभोर पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसांचे गोंडे, आणि एकदा ऐकलेला आवाज कधी न विसरणारा गळा. सुरुवातीला तो टिटवीची नक्कल करी. मग त्याने सातभाईंचे भांडण एकट्याने करून दाखवले. कुरण हसले, पण चरता चरता हसले. मान वर करून कुणी पाहिले नाही, आणि ते त्याला रात्रंदिवस टोचत राहिले.

म्हणून त्याने आबांना हात घातला. आबा म्हणजे कुरणातला सर्वात म्हातारा सांबर. त्यांना काहीही विचारले तरी ते घसा खाकरून म्हणत, "यावर सर्वांगीण विचार व्हायला हवा," आणि विचार होईपर्यंत झोपी जात. भृंगराजाने ते झोपेसकट केले. पाडसे हसून गवतात लोळली. आबांनी त्याला बोलावून घेतले.

"थोरांची टिंगल करून मोठा होशील असं वाटतं तुला?"

"यावर सर्वांगीण विचार व्हायला हवा, आबा," भृंगराज त्यांच्याच आवाजात म्हणाला.

आबांच्या मागे उभे असलेले पोक्त सांबरसुद्धा तोंड फिरवून हसले. त्या दिवशी भृंगराजाला कळले की जितका मोठा कुणी घ्यावा तितके हसू मोठे येते. आबांच्या वर आता एकच जण उरला होता.

पहिल्यांदा त्याने फांदीवरून "खर्र" केले तेव्हा कुरण क्षणात रिकामे झाले. तळ्याचे पाणी ढवळून निघाले. मग त्या रिकाम्या कुरणाला तो त्याच आवाजात, दमल्यासारखा, म्हणाला, "खर्र... आज कोणाला बरं खायचं होतं... नाव अगदी ओठांवर आहे... खर्र... जाऊ दे, आधी जरा लवंडतो."

झुडपांमागून एक हसू आले. मग दुसरे. मग सगळे कुरण परत आले आणि हसत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या आवाजाने पोटात गोळा आला होता, त्याच आवाजाने आता पोट दुखत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खालून ओरडले, "लवंडा, धनी, लवंडा." तिसऱ्या दिवशी सगळे एका सुरात ओरडले. भृंगराजाची कीर्ती नदीपलीकडे गेली. पलीकडची माकडे नक्कल ऐकायला पाण्यातून चालत येऊ लागली. पाडसांचा तो खेळच झाला. एकाने गवतात लपून खर्र करायचे, दुसऱ्याने पुढे जाऊन मान वाकवून म्हणायचे, लवंडा, धनी, लवंडा.

तरुण जनावरे म्हणत, हा एकटा धाडसी आहे. भृंगराजालाही तसेच वाटे.

मग एका संध्याकाळी स्वतः धनी नक्कल पाहायला आले. कुरण गोठले. धनी सर्वांच्या पुढे बसले, पंजे एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "चालू द्या. आम्ही घरचेच."

तरी भृंगराजाने केले, आणि धनी हसले. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कार्यक्रम संपल्यावर त्याला खाली बोलावून म्हणाले, "लवंडण्याचं फार छान जमलंय. रोज करत जा. मुलांना दाखवत जा."

आबांनी तिथेच भाषण केले. स्वतःवर हसणारा राजा आपल्याला लाभला, असा राजा आपल्या वाडवडिलांनाही मिळाला नव्हता, तरुणांनी यातून मनाचा मोठेपणा शिकावा. राजा हसला की वडीलधाऱ्यांना आपणच उदार झाल्यासारखे वाटते. धन्यांनी बक्षीस म्हणून हुकूम काढला की भृंगराजाच्या घरट्याकडे कुणी वाकडा डोळा करायचा नाही. तेव्हापासून साप त्याच्या झाडावर चढेनासे झाले, ससाणा त्याच्यापासून दूर राहू लागला. शेजारच्या झाडावरच्या घरट्यांतून अंडी जात राहिली. भृंगराज त्या बाजूला पाठ करून बसू लागला.

कुरणात कवडी नावाची एक चितळी होती. तिचे पाडस, तिळ्या, भृंगराजाचा सर्वात वेडा चाहता. पाय काडीसारखे, आवाज बारीक, आणि नेहमी घाईत बोलणारा. त्याचे "लवंडा" नेहमी एक क्षण आधी निघे आणि बाकीची पाडसे त्याला चिडवत. "आधी विराम घे रे," भृंगराज फांदीवरून सांगे. "त्यांचा श्वास संपू दे, मग तू बोल."

एका सकाळी, उन्हे चांगली वर आल्यावर, भृंगराज गवताच्या कडेच्या झाडावर चोच पुसत बसला होता. तिळ्या खाली एकटाच चरत होता. गवतातून आवाज आला, खर्र. तिळ्याचे कान उभे राहिले. त्याने शेपटी उडवली आणि गवताकडे चालू लागला. कुठल्यातरी मित्राने लपून खेळ मांडला आहे अशी त्याची खात्री होती. कडेला जाऊन त्याने मान वाकवली. थांबला. आवाजाचा शेवट होऊ दिला. मग म्हणाला, "लवंडा, धनी, लवंडा."

या वेळी विराम अगदी बरोबर होता.

त्यानंतर गवत हलले, एक आवाज आला, आणि गवत पुन्हा जागच्या जागी उभे राहिले.

दुपारी आबांनी सभा घेतली. चौकशी चांगली लांबली. निष्कर्ष असा निघाला की हल्लीच्या पाडसांना थोरांशी कसे बोलावे ते कळत नाही. नक्कल ही नक्कल, पण म्हणून कुणी तोंडावर "लवंडा" म्हणायचे का? आयांनी वळण लावायला हवे. धन्यांनी दुःख व्यक्त केल्याचे आबांनी सांगितले आणि त्याबद्दल धन्यांचे आभार मानले. कवडी सभेच्या कडेला उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिले नाही.

संध्याकाळी भृंगराजाने फांदीवरून फक्त खर्र केले. लवंडणे नाही, विसरणे नाही. जसे असते तसे, ओले आणि भुकेले. हा प्रकार नवीन आहे असे समजून कुरण जास्तच हसले. मग तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "हा आवाज आला की पळा. हसू नका, पळा." त्यावर तर वानरे हसता हसता फांद्यांवरून घसरली. नदीपलीकडची मंडळी म्हणाली, काय गंभीर चेहरा ठेवतो हा.

त्या आठवड्यात आणखी एक पाडस गेले. तेही मान वाकवूनच गेले.

भृंगराजाच्या घशाखाली किडा उतरेना. टाळ्या म्हणून खूर वाजू लागले की त्याला ती सकाळ आठवे. त्याचे सुरक्षित घरटे त्याला बोचू लागले. तो भलत्याच झाडावर, काट्यांत बसू लागला. तिथे कवडीने त्याला गाठले.

"इथं का बसतोस?" तिने विचारले.

"असंच."

"त्या सकाळी तू वर होतास म्हणे."

"होतो, ताई."

"काही बोलला का तो?"

"लवंडा म्हणाला."

"नीट म्हणाला का? तुझ्यासारखं जमायचं नाही त्याला. दूध पितापिता मधेच तोंड काढून विचारायचा, आई, आता जमलं का? मी म्हणायची, जमलं बाबा, पी आता. मला काय कळतंय त्यातलं."

"जमलं होतं," भृंगराज म्हणाला. मग त्याने पंख अंगाशी घट्ट धरले. "त्यासाठीच मी थांबलो, ताई."

"थांबलास म्हणजे?"

"आवाज कुणाचा ते मला ओळखू आलं होतं. पाडसांना तो इतका हुबेहूब येत नाही. एकदा ओरडलो असतो तरी तो पळाला असता. पण त्यानं मान वाकवली, आणि या वेळी तो विराम घेतोय असं मला दिसलं. मी ऐकत बसलो. बरोबर जमलं तेव्हा मला आनंद झाला. त्या आनंदात मी होतो तेव्हा गवत हललं."

कवडीच्या अंगावरची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. ती निघून जाईल असे त्याला वाटले. गेली असती तर त्याला सोपे झाले असते. ती गेली नाही.

"मला वाटलं होतं, तुला दिसलं नसेल," ती म्हणाली. "रोज स्वतःला तेच सांगत होते मी."

"ताई..."

"ताई नको म्हणूस. शेवटचा आवाज ऐकलास ना?"

"ऐकला."

"येतो तुला?"

"मला ऐकलेलं सगळं येतं."

"मग तो कर."

"आत्ता?"

"मला नको. मी तो न ऐकताच रोज ऐकते. त्या सगळ्यांना ऐकव. तो धनी पुढं बसलेला असेल तेव्हा."

लवकरच धन्यांचा सत्कार होता. तळ्याकाठी सगळे राज्य जमले. आबांनी घसा खाकरून धन्यांच्या विनोदबुद्धीवर बोलायला सुरुवात केली आणि मधेच थोडे झोपले. मग त्यांनी आपल्या लाडक्या कलावंताला हाक मारली. धनी पुढे बसले होते, पंजे एकावर एक. त्यांच्या बाजूला, पाडसांना पुढचे नीट दिसावे म्हणून, पाडसांची रांग बसवली होती. कवडी त्यांच्यामागे उभी होती.

भृंगराजाने नेहमीसारखी सुरुवात केली. खर्र झाले. नाव विसरून झाले. "जाऊ दे, आधी जरा लवंडतो." कुरणाने तोंड उघडले, पण त्याआधीच वरून एक बारीक, घाईतला आवाज आला, "लवंडा, धनी, लवंडा."

पाडसे हसली. त्यांच्यातल्या काहींचे हसू अर्ध्यावर राहिले, कारण तो आवाज त्यांच्या शेजारी झोपणाऱ्याचा होता. आबा म्हणाले, "वा, हुबेहूब," आणि मग त्यांनाही आठवले की कोणाचे हुबेहूब.

भृंगराजाने विराम घेतला. विराम बरोबर जमतो आहे हे त्याला त्याही क्षणी कळले, आणि कळले म्हणून स्वतःची किळस आली. मग त्याने तो शेवटचा आवाज काढला.

ती किंकाळी नव्हती. तो प्रश्न होता. "आई, आता ज..." एवढाच, आणि पुढचे तुटलेले.

कवडीच्या सडांतून दूध आले आणि पायांवरून ओघळले. तिने पुढचा खूर जमिनीवर आपटला, टाळीचा नव्हे, धोका दिसला की चितळे आपटतात तसा. तिच्या शेजारणीने आपटला. एकेक करून मागच्या रांगांतल्या शेपट्या वर उठू लागल्या, पांढऱ्या. आया काही न बोलता पाडसांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. भृंगराज वरून पुन्हा तोच आवाज काढत राहिला, पुन्हा, पुन्हा, आणि सगळे कुरण आता त्याच्याकडे नव्हे तर धन्यांकडे पाहत होते.

धनी हसतच होते. हसू त्यांच्या तोंडावर जिथल्या तिथे होते. फक्त कान मागे गेले होते, खांदे हळूहळू खाली बसत होते, आणि एकावर एक ठेवलेल्या पंजांतून, त्या बारीक आवाजासरशी, एकेक नख बाहेर येत होते.