आवडाकाकीची शेवटची पंगत

आंबेरखोलच्या खाडीकाठी, जुन्या धक्क्याला लागून एक उघडं जोतं आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही. जागा मोठी मोक्याची, समोर पाणी आणि मागे माड. मुंबईच्या एका पाहुण्याने तिथे हॉटेल काढायचं मनात आणलं, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि दुसरी जागा दाखवली. कारण विचाराल तर जुनी माणसं ऊन कलेपर्यंत थांबा म्हणतात. भर दुपारी ही गोष्ट सांगत नाहीत.

त्या जोत्यावर आवडाकाकीची खानावळ होती, असं सांगतात. माडी ताजी, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं सढळ हाताने घातलेली, आणि बाईचं तोंड त्याहून तिखट. पलीकडे जाणारी माणसं होडीची वाट बघत तिथे जेवायला बसायची आणि जेवणाच्या नादात होडी चुकवायची. काकीचा एक नेम मात्र साऱ्या खाडीला ठाऊक होता. शेवटच्या गिऱ्हाइकाने ताटात हात धुतल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे.

होडी चालवणारा पांडगो तारी तिथला रोजचा जेवणारा. त्याला मागेपुढे कोणी नव्हतं. त्याच्या चुलीवर म्हणे पालीने अंडी घातली होती. काकी त्याला शिव्या घालत वाढायची, आणि तेवढंच काय ते त्याचं घर.

मग वरच्या अंगाला पूल झाला. होडी काठाला लागली ती लागलीच, गिऱ्हाईक आटलं. काकी थकली होती. उद्या चूल विझवते, सगळ्यांनी शेवटचं जेवून जा, असं तिने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाव लोटला. हसणं-खिदळणं झालं, माडीचे पेले झाले, एकेकजण हात धुऊन पाया पडून गेला. पांडगो तेवढा राहिला. त्याच्या ताटात एकच घास उरला होता, आणि तो खाल्ला की सगळं संपणार होतं. त्याला ते सोसेना. काकी आत वळलेली बघून तो उष्ट्या हाताने मागच्या दाराने निसटला.

दिवस मावळताना लोकांना काकी चुलीपुढे बसलेली सापडली. पुढ्यात रिकामं ताट, नजर दाराकडे. जीव केव्हाचा गेला होता.

पुढे पावसाने भिंती ढासळल्या. पांडग्याची दशा मात्र गाव बघत होता. राखेने घासला, वाळूने घासला, तरी त्याच्या उजव्या हाताचा तिरफळांचा वास जाईना. बोटांना एक शीत चिकटलेलं असायचं, काढावं तर पुन्हा तिथेच. एका दुपारी वासामागून तो जोत्यावर चढला, तर त्याचं ताट मांडलेलं. घास तसाच, वाफाळता. भ्यायचं सोडून हा खूश झाला, असं म्हणतात. रोज दुपारी तो त्या ताटावर जाऊन बसू लागला. घासाला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. आपली खानावळ अजून चालू आहे, एवढं त्याला पुरेसं होतं.

एकदा चुलीच्या जागेकडून झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"पांडग्या, जेवलंस रे?"

"जेवतंय काकी."

"सावकाश जेव. मी थांबलंय."

पांडग्याने मान वर केली. चुलीच्या जागी उठलेल्या धुरात एक हात रिकाम्या ताटाच्या कडेवरून फिरत होता. काकीचं मनगट कसं भरलेलं, बांगडी चढवताना कासार घामाघूम व्हायचा. या मनगटाच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या, आणि बांगड्या पार पंजापर्यंत घसरल्या होत्या. त्या दिवसापासून बाई उपाशी होती. सगळ्यांना जेवू घालणारी बाई, आणि तिला उपाशी ठेवलं कोणी, तर तिच्यावर सगळ्यांत जास्त माया करणाऱ्याने. पांडगो लहान पोरासारखा रडला.

त्याने घास उचलला. वाफाळता दिसणारा तो घास खाडीच्या तळच्या पाण्यासारखा गार लागला. तरी त्याने गिळला, ताटात हात धुतला.

"काकी, माझा झाला. आता तू जेव."

चुलीकडून भात वाढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कोणीतरी जेवत होतं, घाईघाईने, भुकेलेलं. पांडगो पाठ करून बसून राहिला. आवाज थांबला तेव्हा हाताला वास नव्हता, आणि जोत्यावर ताटही नव्हतं. काकी जेवून उठली त्या जागी दुसरी चूल मांडू द्यायची नाही, असं तेव्हापासून गावाने ठरवलं.

आजही आंबेरखोलात एखादी खानावळ किंवा बार कायमचा बंद व्हायचा असला, की शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकं वाढतात आणि मालक जेवतो. तो लाजतो, नको नको म्हणतो, पण त्याला पाटावर बसवतातच. त्याचं पोट भरून त्याने हात धुतला, की मगच बाकीचे आपापली ताटं पुढे ओढतात.