दोन प्याल्यांच्या गावचे शांतवन पाळक

फार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या बोरखडी गावात ख्रिस्ती मंडळी एक होती, पण प्रभुभोजनात सगळ्यांनी ज्यातून द्राक्षारस प्यायचा, ते प्याले दोन होते. वरच्या आळीला पितळी, खालच्या आळीला पत्र्याचा. प्रभूकडे येण्याआधी या दोन आळ्या दोन वेगळ्या जातींच्या होत्या. नावं बदलली, गाणी बदलली, पण एकमेकांचं उष्टं काही चालेना.

अशा गावात मंडळीचे धर्मगुरू म्हणून शांतवन पाळक आले, सोबत बायको सुमतीबाई. पहिल्या प्रभुभोजनाला त्यांनी दोन्ही प्याले फिरवले, सगळ्यांना द्राक्षारस दिला आणि स्वतः न घेताच प्याले झाकून ठेवले.

मंडळीचे कारभारी लाजरसबाबा वरच्या आळीचे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही घेतलंच नाही की!"

"प्याले दोन आहेत, बाबा. त्यातला माझ्या प्रभूचा कोणता, ते कळलं की घेईन."

सात वर्षं ते थांबले. कुणावर रागावले नाहीत. दोन्ही आळ्यांत आजाऱ्यांच्या उशाशी बसले, मेलेल्यांना खांदा दिला. सुमतीबाई म्हणायच्या, "तुम्ही पुढारी ना? मग हुकूम करा."

"हुकमानं ओठ लागतील गं, मन नाही लागायचं."

असं म्हणतात, की प्रभुभोजनाच्या दिवशी ते पाणीसुद्धा पीत नसत, आणि त्यांच्या अंगणातली विहीर तेवढा दिवस कोरडी पडायची.

आठव्या वर्षी खालच्या आळीत पटकी आली. वरच्या आळीनं दारं लावून घेतली. पाळक घरोघरी पाणी पाजत फिरले, लोकांची घाण काढली आणि नवव्या दिवशी स्वतःच आडवे झाले. असं म्हणतात, की त्यांनी हात लावलेला एकही रोगी दगावला नाही. सगळ्यांचं मरण त्यांनी एकट्यानं ओढून घेतलं.

लाजरसबाबा पितळी प्याला घेऊन रडत आले. "आता तरी घ्या, साहेब."

पाळकांनी डोळे उघडले. "खालच्या आळीचं कोण आलंय?"

बाहेर अंगणात सारजाबाई बसली होती, पाळकांनी पटकीतून वाचवलेली. तिला आत बोलवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. लाजरसबाबा बाहेर गेले, त्यांनी प्याला तिच्या हातात दिला. ती प्याली. मग त्याच काठाला ओठ लावून ते स्वतः प्याले, आणि प्याला सांभाळत धावत आत आले.

सुमतीबाई नवऱ्याचे डोळे मिटवत होत्या.

पुढच्या रविवारी दोन्ही आळ्यांत एकच प्याला फिरला. असं म्हणतात, की तीनशे माणसं प्याली, तरी रस तसूभरही खाली गेला नाही. सुमतीबाईंपुढे प्याला काठोकाठ भरलेलाच आला. त्यांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "थोडा उशीर झाला, लाजरसबाबा."

बोरखडीत आजही पाळक सगळ्यांच्या शेवटी घेतो. त्याआधी प्याला हातात धरून मोठ्यानं विचारतो, "कुणी राहिलं का?"

आणि दोन्ही आळ्यांची म्हातारी माणसं एकदम म्हणतात, "आमचे पाळक राहिले."