ठेंगण्या दाराचं घर आणि चिकीचा गूळ

फार फार पूर्वी, जेव्हा डोंगर अजून आपापसांत उंचीवरून भांडत होते, तेव्हा एका घाटमाथ्यावरच्या गावात गोंदाजी नावाचा गृहस्थ राहत असे. माणूस सरळ, कष्टाळू, आणि उंचीने साधारण ज्वारीच्या अर्ध्या ताटाएवढा. त्याचे वडीलही तेवढेच, आणि आजोबाही तेवढेच.

आजोबा पाथरवट होते. घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. चौकट बसवायची वेळ आली तेव्हा ते स्वतःच मधोमध उभे राहिले, डोक्यावर दोन बोटं जागा सोडली आणि वर दगडी गणेशपट्टी ठोकून दिली. आतली दारंही त्याच मापाची केली. घर असं पक्कं की वादळाने सगळ्या गावाची कौलं उडाली, तरी त्या घरातली मांजर झोपेतून उठली नाही. हे मी पाहिलेलं नाही, पण मांजरीच्या वंशजांनी कधी नाकारलेलंही नाही.

तर हे घर गोंदाजीने विकायला काढलं.

कारण त्याची बायको, आवडाई. तिच्या पाठीचा धनुष्यासारखा बाक झाला होता. थंडी पडली की ती अंथरुणावरून उठू शकत नसे. वैद्यबुवांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुढची थंडी वर काढू नका. हिला खाली, उबेत न्या." खाली नदीकाठी त्यांची लेक दिली होती. तिच्या शेजारचंच एक घर विकायचं होतं. घरमालक भला माणूस. म्हणाला, "सुगी संपेपर्यंत थांबतो. शेवटची मळणी झाली की दुसऱ्याला देईन."

त्या मुलखात मोठे व्यवहार म्हशींत होत. खालच्या घराची किंमत होती सतरा म्हशी. आता गोंदाजीला आपल्या घराची किंमत ठरवायची होती. तो अंगणात बसला आणि बोटांवर मोजू लागला.

"आजोबांनी दगड फोडले, त्याच्या दहा. वडिलांचं लग्न या अंगणात लागलं, त्याच्या पाच. बारशाला माझं नाव याच ओटीवर ठेवलं, त्याच्या..." इथे त्याने थोडा विचार केला, "त्याच्याही दहाच धरू."

असं करत करत आकडा चाळीस म्हशींवर गेला.

शेजारच्या तुळाजीने कुंपणावरून विचारलं, "चाळीस? गोंदाजी, गिऱ्हाईकाने आणल्याच तर बांधशील कुठे?"

"ते मी बघेन," गोंदाजी म्हणाला. "तू तुझं कुंपण बघ."

त्या गावात घर विकण्याची एक रीत होती. ती अशी: पाहणारा घर पाहून उंबऱ्याशी आला की विकणाऱ्याने तोंडात गुळाचा खडा धरायचा. पाहणाऱ्याने घराबद्दल काय वाटलं ते मोकळेपणाने सांगायचं, आणि खडा विरघळेपर्यंत विकणाऱ्याने बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं. कडू ऐकताना तोंड तरी गोड राहावं, म्हणून गूळ.

रीत चांगली होती. पण गोंदाजीचे दात चांगले होते.

पहिला आला तो तुपाचा व्यापारी. उंच, भरदार, मिशा पीळ दिलेल्या. तो आत शिरला आणि गणेशपट्टीवर कपाळ असं आपटलं की माळ्यावरचा उंदीर खाली पडला. त्याने तसंच डोकं चोळत सगळं घर पाहिलं. उंबऱ्याशी आला. गोंदाजीने गुळाचा खडा तोंडात टाकला.

"पाणी गोड आहे," व्यापारी म्हणाला, "भिंती चांगल्या आहेत. पण दार..."

कडाम! गोंदाजीने खडा चावला आणि गिळून टाकला.

"दाराचं काय? आमच्या आजोबांनी बसवलंय. देवाच्या पट्टीखालून वाकूनच यावं माणसाने."

"बरं, बरं. स्वयंपाकघरात धूर..."

"धूर औषधी असतो. डास येत नाहीत."

व्यापाऱ्याने मिशी पिळली. "काका, चाळीस काही जमायचं नाही. वीस म्हशी देतो. उद्या आणून बांधतो."

गोंदाजीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "वीस? म्हणजे आमच्या आजोबांची किंमत निम्मी?"

"आजोबा कुठे घेतोय मी?" व्यापारी म्हणाला. "त्यांना तुम्हीच ठेवा." आणि तो कपाळाला उपरणं लावून निघून गेला.

मग आले एक सोनार, एक घोड्यांचा दलाल, नवं लग्न झालेलं एक जोडपं आणि एक निवृत्त पहिलवान. प्रत्येकाने कपाळ आपटलं. नवऱ्यामुलाने तर येताना आणि जाताना दोन्ही वेळा. प्रत्येकाने दार आणि धूर यांचं नाव काढलं, आणि प्रत्येक वेळी गुळाचा खडा कडाम करून फुटला. पहिलवान बिचारा म्हणाला, "मी आयुष्यात कुणाकडून चीत झालो नाही, तुमच्या चौकटीकडून झालो." त्यावर गोंदाजीने त्याला आजोबांच्या कौशल्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली.

आठवड्याच्या बाजारात आता लोक एकमेकांच्या कपाळांकडे पाहून विचारू लागले, "काय, गोंदाजीकडे जाऊन आलात वाटतं?" गावात हळद महागली. हे घर विकलं जाऊ नये म्हणून देवाला नवस बोलणारा सगळ्या पंचक्रोशीत एकच माणूस होता, लेपाची हळद विकणारा वाणी.

पुढे पुढे तर कुणी फिरकेना. टेंगळाला लोक भीत नव्हते हो. टेंगूळ आल्यावर वर भाषण ऐकावं लागायचं, त्याला भीत होते.

इकडे खळ्याखळ्यावर मळणी सुरू झाली. पहाटे धुकं उतरू लागलं. आवडाईला न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागू लागली. गोंदाजी रोज संध्याकाळी वाटेवर डोळे लावून बसायचा आणि म्हणायचा, "लोकांना पारख राहिली नाही."

एके दिवशी दुपारी आवडाई बाहेर अंगणात गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दारातून हाक मारली,

"अहो बुवा, घर विकायचं आहे म्हणे. दाखवता का?"

गोंदाजीला वाटलं, चेष्टा करतेय. "अगं, काय हे? ये आत."

"रीतीने दाखवा. मी गिऱ्हाईक आहे."

गोंदाजी हसला. बाजूला झाला. ती भिंत धरत धरत सगळं घर हिंडली, जणू पहिल्यांदाच पाहत होती. चुलीपाशी थांबली, माळ्याकडे पाहिलं, विहिरीत डोकावली. मग उंबऱ्याशी आली आणि कनवटीतून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. खडा कसला, लिंबाएवढा गोळा होता तो. आणि होता चिकीचा गूळ.

गोंदाजीने सवयीने तोंडात टाकला आणि चावला. वरचे दात खालच्या दातांना जे चिकटले ते सुटेनात. "ऊं," तो म्हणाला. त्यापलीकडे त्याला काही म्हणता येईना.

"आता ऐका," आवडाई म्हणाली. "दार ठेंगणं आहे. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मापाला पाय लावायच्या आधी कपाळ आपटलं. मुंडावळ्या तुटून पडल्या. सगळे हसले. तुम्हीही हसलात."

"ऊं ऊं."

"त्यानंतर नाही आपटलं. वाकायला शिकले. पाणी आणायला वाकले, शेण काढायला वाकले, मूल कडेवर घेऊन वाकले. तुमच्याएवढी नाहीये मी, वीतभर उंच आहे. म्हणजे होते. आता बरोबरीची झालेय, बघा."

गोंदाजीने पाहिलं. खरंच बरोबरीची झाली होती. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण उंच होतोय.

"चूल कोंदट. धुराला वाट नाही, तो डोळ्यांतून जातो. ही झाली खोट. चांगलं म्हणाल तर विहिरीचं पाणी गोड आणि माळा कोरडा खट्ट. इतक्या पावसाळ्यांत दाण्याला कधी कीड लागली नाही. हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. आजोबांमधून वेळच मिळाला नाही."

ती थोडी थांबली. दम लागला होता.

"आणि किंमत. तुम्ही सांगता ती घराण्याची किंमत आहे, घराची नाही. घराणं विकत घ्यायला कोण कशाला येईल, बुवा? मला थंडीच्या आत खाली जायचंय. लेकीच्या शेजारी. ते घर काही माझ्यासाठी थांबून राहणार नाही."

एवढं बोलून ती आत गेली. गोंदाजी तसाच उंबऱ्याशी उभा राहिला. गूळ विरघळायला बराच वेळ लागला. विरघळल्यावरही तो काही बोलला नाही, आणि त्या घराण्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी तो कुंपणाशी गेला. "तुळाजी, तुझ्या भावाचं घर गेलं ते कितीला?"

"एकोणीसला. तुझ्यापेक्षा एक खण मोठं, आणि दारातून माणूस जातो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू कुंपण बघ म्हणालास ना? तेच बघत होतो."

गोंदाजीने मान खाली घातली. "चल, जरा माझ्या दारात उभा राहा. तू उंच आहेस."

तुळाजी उभा राहिला. गणेशपट्टी त्याच्या भुवईशी आली. दगडी पट्टी वर उचलायची तर भिंत पाडावी लागली असती. पण खालची जमीन मातीची होती. दोघांनी मिळून दारातली जमीन हातभर खोल खणली, दोन पायऱ्या केल्या, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून दगडी बांध घातला. चुलीच्या वर भिंतीत धुराला झरोका पाडला. आतली दारं मात्र तशीच राहिली, तेवढा वेळच नव्हता. गोंदाजीने गावभर निरोप धाडला, "घर एकोणीस म्हशींना आहे. पाणी गोड, माळा कोरडा. आतली दारं ठेंगणी आहेत, हे आधीच सांगतो."

मग तो तुपाच्या व्यापाऱ्याकडे स्वतः गेला. व्यापाऱ्याने हसून स्वागत केलं, वाटीभर तूप पुढे ठेवलं.

"काका, त्या दिवशी डोकं ठणकत होतं तरी वीस म्हणालो होतो. आता ठणकत नाही, पण मी दुसरं घर घेऊन बसलोय."

गोंदाजी तसाच परत आला.

घर पाहायला पुन्हा लोक येऊ लागले. येणाऱ्याला तो आधी माळा दाखवायचा, मग आतली दारं, आणि उंबऱ्याशी आला की चिकीचा गूळ तोंडात धरायचा. एक कापूसवाला म्हणाला, "अंगण लहान आहे." गोंदाजीने ऐकून घेतलं. एक पुराणिक म्हणाले, "देवघर उत्तरेला हवं होतं." गोंदाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने ऐकून घेतलं. पुराणिकांना वाटलं, काय भाविक माणूस आहे.

शेवटची मळणी खळ्यावर पडली होती तेव्हा पलीकडच्या खिंडीतून बी-बियाणं विकणारी एक बाई आली. गिरजाबाई तिचं नाव. ती माळ्यावर चढली आणि बराच वेळ खाली उतरलीच नाही. उतरली ती हातावर धूळ घेऊन. धूळ कोरडी होती, भुरुभुरु उडत होती.

"मला असाच माळा हवा होता," ती म्हणाली. "दमट जागेत बी मरतं. पण बुवा, आतली सगळी दारं मला खणून घ्यावी लागतील. मजुरी माझ्या अंगावर. सतरा म्हशी देते."

गोंदाजीची जीभ गुळाखाली वळवळली. आजोबा अगदी दातांपर्यंत आले. आवडाई भिंतीला टेकून उभी होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, खाली दरीकडे पाहत होती.

गूळ विरघळला. गोंदाजी म्हणाला, "दिलं."

सतरा म्हशी घाट उतरल्या आणि खालच्या घरमालकाच्या गोठ्यात गेल्या. मळणीचा भुसा अजून वाऱ्यावर होता. त्या हिवाळ्यात आवडाई लेकीच्या ओसरीवर उन्हाला बसू लागली. पाठ काही पूर्वीसारखी झाली नाही, पण न्हाणीपर्यंत जायला तिला भिंत लागेनाशी झाली.

गोंदाजीकडे दुभती म्हैस मात्र एकही उरली नाही. वीस मिळाल्या असत्या तर तीन शिल्लक राहिल्या असत्या. म्हणून रोज सकाळी तो लोटा घेऊन जावयाच्या दारात दुधासाठी उभा राहायचा. कुणी विचारलं, "काय बुवा, तुमच्या म्हशी कुठे?" तर तो सांगायचा, "होत्या तीन. त्यांना मी माझ्याच जिभेने हाकलून दिलं."

म्हणून मंडळी, ध्यानात ठेवायचं ते इतकंच: घर विकायला काढलं की आठवणी आपल्याजवळ ठेवाव्यात, किंमत बाजाराला विचारावी, आणि पाहायला येणारा खोट सांगत असेल तेव्हा तोंड बंद ठेवून ऐकावं.