अस्वलाची शेवटची टोपली

सागाच्या एका दाट जंगलात एक अस्वल राहत असे. मुलांनो, उंच फांदीला टांगलेल्या टोपलीत चेंडू टाकण्याच्या खेळात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पण एके वर्षी त्याच्या संघाचा कारभारी कोल्हा याने बिबट्या आणि वानर या कसलेल्या खेळाडूंना दुसऱ्या जंगलांच्या संघांत धाडून दिले आणि त्यांच्या जागी एक ससा, एक मुंगूस आणि एक पाडस अशी कोवळी पोरे आणली. "साहेब, अशाने आपण हरू," अस्वल म्हणाले. कोल्हा गोड हसला. "अस्वलबुवा, नवा संघ बांधायचा तर थोडं सोसावं लागतं. तुम्ही फक्त यांना शिकवा."

अस्वलाने मन लावून शिकवले. तरी संघ हरतच राहिला. माकडे फांद्यांवरून फळांच्या साली फेकत आणि "घरी जा!" म्हणून ओरडत. मुंगूस रडकुंडीला आले की अस्वल म्हणे, "रडू नकोस बाळा, आपण संघ बांधतोय ना!" मग एकटेच दुखरे गुडघे चाटत बसे.

शेवटच्या सामन्यात मात्र पोरे जिवावर उदार होऊन खेळली. बरोबरी झाली, अखेरची फेक अस्वलाची होती. कोल्ह्याने त्याला कडेला बोलावले. "चेंडू टोपलीत टाकू नका. हरलो तर आपण तळाला राहू, आणि तळाच्या संघाला नव्या खेळाडूंतून सगळ्यांत आधी निवड करता येते. मला तो तरणा गवा हवाय."

"आणि ही पोरं?"

"ती हरण्यापुरतीच आणली होती."

अस्वलाने वळून पाहिले. धापा टाकत पोरे त्याचीच वाट पाहत होती. अस्वल मैदानात परतले आणि त्याने चेंडू अचूक टोपलीत टाकला. पोरे आनंदाने नाचू लागली.

गवा दुसऱ्या जंगलाला मिळाला. "हे सगळं अस्वलामुळे झालं," कोल्ह्याने जाहीर केले आणि त्याला संघातून काढले. हरल्याबद्दल साली फेकणारी माकडे आता जिंकल्याबद्दल दगड फेकू लागली. निघताना अस्वलाने मुंगसाला हाक मारली. मुंगसाने आधी कोल्ह्याकडे पाहिले, मग मान खाली घालून ते म्हणाले, "काका, तुम्ही साहेबांचं ऐकायला हवं होतं."

दगड लागले तेव्हा अस्वल थांबले नव्हते. हे ऐकून मात्र ते क्षणभर थांबले आणि मग जंगलाबाहेर निघून गेले.

तात्पर्य : जिथे हरण्यातच फायदा पाहिला जातो, तिथे जिंकणाराच गुन्हेगार ठरतो.